जुनी एसयूव्ही किती टिकते आणि किती ओढते? माझ्या बोलेरोचा खरा हिशोब



जुन्या गाडीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, लाखाच्या वर किलोमीटर झालेली एसयूव्ही धंद्यासाठी घेऊ का? मागे ट्रॉली ओढेल का?" व्हिडिओत मी "घ्या, पण तपासून घ्या" एवढंच म्हणून पुढे गेलो. ते उत्तर अर्धवट होतं. उरलेलं अर्धं सांगायचं तर पसरणी घाटातली एक रात्र सांगावी लागेल. त्यात चूक माझीच होती, म्हणून आजवर सांगायची टाळली.

त्या रात्री काय झालं

नवीन लोकांसाठी सांगतो. माझं इलेक्ट्रिकल आणि मोटार-पंपाचं दुकान आहे. लग्नसराईत जनरेटर भाड्याने देतो. सेट दोन चाकी ट्रॉलीवर बसवलेला, ट्रॉली बोलेरोच्या मागे.

डिसेंबर २०२१. पाचगणीतलं लग्न आटोपून २५ केव्हीएचा सेट घेऊन रात्री साडेअकराला वाईकडे उतरत होतो. ट्रॉलीसकट वजन टनाच्या वर. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. शेजारी दुकानातला पोरगा, एकवीस वर्षांचा. गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि माझा पाय सारखा ब्रेकवर. पाचगणी ते वाई उंचीत पाचशे मीटरपेक्षा जास्त फरक आहे. निम्म्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते स्पंजसारखं खाली गेलं, आणि गाडी तशीच पुढे.

पेडल दोन-तीनदा पंप केलं, तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडलं पण वेग उतरला. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. पाऊण तास तिथेच बसून होतो. पोरगा एक शब्द बोलला नाही. त्याच्या आईला मी सकाळी सांगून आलो होतो, "काकू, बारापर्यंत सोडतो घरी."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ब्रेक ऑइल काढून बाटलीत दाखवलं. चहासारखं काळपट. म्हणाले, "शेठ, हे कधी बदललं होतं?" गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती आणि मी एकदाही बदललं नव्हतं. आधीच्या मालकाचं धरलं तर किती वर्षांचं होतं देव जाणे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळतं, उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक लागत नाही. इंजिन ऑइल मी वेळेच्या आधी बदलत होतो. हजार रुपयांच्या आतलं हे काम मात्र राहून गेलं. कारण काय? ब्रेक ऑइल तक्रार करत नाही, त्याचा आवाज येत नाही. ज्याचा आवाज येतो त्यावरच आपण खर्च करतो.

तरी मी जुनीच गाडी का घेतली होती

२०१९ मध्ये नवीन गाडी ऑन रोड साडेनऊ लाखांच्या आसपास पडत होती. दीड लाख भरून आठ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १७,००० हप्ता. मी २०११ ची बोलेरो ३,४०,००० रोख देऊन घेतली. तेव्हा १,१८,००० किलोमीटर झाले होते. पहिल्याच महिन्यात टायर, क्लच आणि मागच्या पाट्यांवर ४६,००० घातले. त्यानंतर दर महिन्याला ४,००० वेगळ्या खात्यात, फक्त गाडीसाठी.

माझा वर्षाला वापर १८,००० किलोमीटर आहे. म्हणजे देखभाल किलोमीटरमागे २ रुपये ६७ पैसे. हप्ताच असता तर किलोमीटरमागे ११ रुपये ३३ पैसे गेले असते. आता प्रामाणिकपणे बोलू. ही तुलना सरळसरळ बरोबर नाही. नवीन गाडीला पाच वर्षांनी विकताना जास्त पैसे येतात, आणि माझे ३,८६,००० एकदम अडकले, तेही फुकट नाहीत. पण माझा निर्णय वेगळ्या कारणाने झाला. पावसाळ्यात जनरेटर चार महिने उभा असतो. हप्ता उभा राहत नाही.

अशा गाड्या टिकतात का?

टिकतात. बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ मध्ये. दोन्ही लॅडर चॅसीवरच्या. खाली शिडीसारखी वेगळी चॅसी, वर बॉडी. वजन आणि ओढ चॅसी घेते, आणि बिघडलेला भाग सुटा काढून बदलता येतो. आपल्याकडच्या वडापच्या जीपा बघा, किती लाख किलोमीटर चालतात. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात, हात लावणारा मिस्त्री मिळतो. धंद्याच्या गाडीला यासारखी दुसरी सोय नाही.

पण वडापलाच चाललेली गाडी घेऊ नका. घेताना माझी तपासणी अशी असते:

१. गाडी थंड असताना स्वतः स्टार्ट करा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर सोडून द्या.

२. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. भसाभसा वाफ येत असेल तर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय.

३. खाली झोपून चॅसी बघा. मागच्या टोकाला, जिथे हुक बसतो, तिथे वेल्डिंगची ठिगळं किंवा गंज असेल तर ओढायच्या कामाला ती गाडी बाद. कोकण किनाऱ्यावर चाललेली असेल तर दुप्पट बारकाईने.

४. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत राहिलं तर प्लेट संपलीय.

५. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर ट्रॉली ओढू नका.

६. सर्व्हिसची बिलं मागा. मीटर मागे फिरवता येतो. दहा वर्षांची बिलांची फाईल रात्रीत तयार होत नाही.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात दिसतात. घेणार असाल तर एनओसी आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा टॅक्स किमतीत धरूनच सौदा करा.

ओढायची ताकद म्हणजे नेमकं काय

आपण विचारतो, "इंजिन ओढेल का?" ओढतं हो. डिझेल इंजिन कमी आरपीएमलाच टॉर्क देतं, सपाटीला टनभर वजन त्याला जाणवतही नाही. म्हणूनच आपण फसतो. वजन थांबवता येतंय का, तापलेलं इंजिन थंड राहतंय का आणि ट्रॉली सरळ चालतेय का, हे तीन प्रश्न आधी विचारायचे.

थांबवणं: माझी गाडी पावणेदोन टनाच्या आसपास, ट्रॉली टनाच्या वर. म्हणजे दीडपटीहून जास्त वजन त्याच चार ब्रेकवर. आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. जुने ड्रायव्हर सांगतात ते खरं आहे, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून सोडा, पाय त्यावर टेकवून ठेवू नका.

थंड राहणं: रेडिएटर, कूलंट, पंख्याचा बेल्ट. ओढणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच्या आधी बदला. ट्रॉलीच्या बेअरिंगला ग्रीस विसरू नका, ट्रॉलीची सर्व्हिस कुणीच करत नाही.

सरळ चालणं: ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. भार मागे गेला की वेगात ट्रॉली शेपूट हलवल्यासारखी डोलते आणि गाडीलाही हलवते. वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण ट्रॉलीचं वजन करा, मग फक्त तिचा पुढचा दांडा काट्यावर टेकवा. दोन पावत्यांत उत्तर मिळतं. आम्ही मोजलं तेव्हा सेट एक वीत मागे बसवलेला निघाला.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाची मर्यादा दिली असेल तर तीच शेवटची. नसेल तर हुक बनवणाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका, कंपनीकडे लेखी विचारा. ट्रॉलीचीही आरटीओत नोंदणी लागते, मागे लाइट, नंबर, आणि हुक निसटला तर धरून ठेवणारी साखळी लागते. पांढऱ्या पाटीची गाडी धंद्याला वापरत असाल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे आधी विचारा. क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो.

त्या रात्रीनंतर काय बदललं

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बसवला. उतारावर ट्रॉली गाडीला ढकलायला लागली की त्या दाबानेच तो लागतो. घाटावरच्या ऑर्डरला बोलेरोमागे फक्त छोटा १५ केव्हीएचा सेट जातो. २५ चा हवा असेल तर भाड्याचा टेम्पो, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे. त्यामुळे पहिल्या सीझनला तीन ऑर्डरी गेल्या. गेल्या तर गेल्या.

आणि एक सवय लावली. खंडेनवमीला गाडीला हार घालतो, त्याच दिवशी गाडीची फाईल उघडतो. ब्रेक ऑइल कधी बदललं (दर दोन वर्षांनी), कूलंट कधी, टायर किती वर्षांचे, विमा कधी संपतो. आवाज न करणाऱ्या सगळ्या गोष्टी एका पानावर. दुकानासाठीही असंच एक पान केलंय, अर्थिंग, फायर सिलिंडर, उधारीच्या जुन्या नोंदी.

आज बोलेरो २,३६,००० किलोमीटरवर आहे. इंजिन अजून उघडलेलं नाही. २०२६ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतायत, तेव्हा तपासणी करून पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षं पुढे न्यायचा विचार आहे. तो पोरगा आता ट्रॉली स्वतः चालवतो. घाट लागायच्या आधी गाडी बाजूला घेऊन दोनदा पेडल दाबून बघतो. मी शिकवलं नव्हतं त्याला ते.

तुमची गाडी धंद्याला असेल तर आज एक काम करा. बोनेट उघडा, ब्रेक ऑइलची डबी बघा आणि शेवटचं कधी बदललं ते आठवा. आठवलं नाही, तर उद्या दुकान उघडायच्या आधी मिस्त्रीकडे जाऊन या.