जावाचं मागचं चाक आणि डबल स्टँड

जुन्या जावा २५०चं मागचं चाक काढताना एकदा शेजारी उभं राहून बघावं. चेनला हात लावावा लागत नाही आणि चेन झाकणारी पत्र्याची पेटीही उघडावी लागत नाही. ब्रेकचा रॉड सोडवायचा, एक्सलचा नट काढायचा, एक्सल फिरवत फिरवत बाहेर ओढायचा, मधला स्पेसर काढून घ्यायचा आणि चाक बाजूला सरकवायचं. हब रबराच्या तुकड्यांमधून सुटून येतं. स्प्रॉकेट आणि त्याच्यावरची चेन मात्र जागच्या जागी राहते, कारण स्प्रॉकेटला स्वतःचं बेअरिंग आहे आणि ते स्वतंत्रपणे गाडीला धरून बसलेलं आहे. मग गाडी थोडी एका अंगाला कलती धरली की चाक मडगार्डखालून निघतं. रात्री घाटात पंक्चर झालेल्या माणसाचा विचार कुणीतरी ड्रॉइंग बोर्डावरच केला होता, हे त्या वेळी कळतं. माझ्या मते या गाडीतला हा सगळ्यात शहाणा भाग आहे. टाकीवरच्या क्रोमचं कौतुक जितकं होतं, तितकं याचं होत नाही.

ही रचना चेकोस्लोव्हाकियातली. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्रागमध्ये जावा कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दोन-स्ट्रोक गाड्या जगभर गेल्या. भारतात त्या आणल्या मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी. आयातीवर बंधनं आल्यावर म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, २४८.५ सीसी, आणि किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. पुढे नाव येझदी झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आज पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात दिसणाऱ्या गाड्या मालकांच्या आणि मिस्त्रींच्या जिवावर चालतात, आणि त्यांचा सगळ्यात मोठा शोध सुट्या भागांचा असतो.

त्यात टायरचा प्रश्न दरवेळी निघतो. जावाला ३.२५–१६ लागतो, म्हणजे रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास १६ इंच. रोजच्या वापरातल्या नव्या गाड्या बहुतेक १७ किंवा १८ इंचांवर गेल्या आहेत, त्यामुळे दुकानदाराकडे १६ इंची माल थोडाच असतो. मग ‘३.५०–१६ घ्या साहेब, बसतो,’ असं उत्तर मिळतं. बसतो हे खरंच आहे. पण रुंदी पाव इंचाने वाढली की टायरची उंचीही साधारण तेवढीच वाढते, आणि एक्सल जमिनीपासून जवळजवळ सहा मिलिमीटर वर जातो. मडगार्डखाली आणि चेनच्या पेटीशेजारी जागा मुळात कमी असते, ती आणखी घटते. सहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. त्यांचा हिशेब पुढे डबल स्टँडला चुकवावा लागतो.

विकत घेताना टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचावेत. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. कोरा दिसणारा टायरही वर्षानुवर्षं गोदामात पडून कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो, म्हणून जुन्या गाडीला जुना साठा बसवण्याचा हट्ट करू नये. बाण असेल तर चाकाच्या फिरण्याची दिशा पाळावी.

टायर चढवण्यात खरं कसब आहे, ताकद नव्हे. आधी रिमच्या आतला पट्टा बघायचा. आऱ्यांची टोकं त्याच्यातून वर आली असतील तर ती कानशीने घासायची आणि पट्टा नवा घालायचा, नाहीतर ट्यूब आतूनच कापली जाते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरायची, तिचा आकार धरेल इतकीच, म्हणजे लिव्हरच्या टोकात ती चिमटत नाही. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं. चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. रिमच्या मधोमध खोलगट घळ असते. टायरची एक बाजू गुडघ्याने दाबून त्या घळीत बसवली की समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि शेवटची वीत लिव्हरच्या हलक्या झटक्यात आत जाते. तिथे जोर लावावा लागत असेल, तर समोरची कड घळीतून वर आली आहे असं समजावं, थांबावं आणि पुन्हा दाबावी. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत बुडालेली असेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा.

आता स्टँड. नवा टायर घातला, चाक परत बसवलं, गाडी डबल स्टँडला घेतली आणि मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहिलं, तर मालक टायरवाल्याशी भांडतो. टायर मापाचा असेल तर दोष बहुधा स्टँडचा असतो, आणि तो आजचा नसतो. मागचा टायर झिजत जातो आणि डबल स्टँडचे पायही झिजत जातात. दोघं एकत्र खाली येत असल्यामुळे चाक मोकळं फिरत राहतं आणि काही बिघडल्याचं कुणाला जाणवत नाही. पुरी नक्षी असलेला नवा टायर आला की इतक्या वर्षांची झीज एकदम उघडी पडते.

इथे बहुतेक गॅरेजमध्ये स्टँडच्या पायांना खाली पट्टी वेल्ड करून मारतात. काम पाच मिनिटांत होतं, म्हणून ते आवडतं. मला ते पटत नाही. स्टँड तीन ठिकाणी झिजतो. फ्रेमखालच्या ज्या पिनवर तो फिरतो तिथलं भोक अंडाकृती होतं. ज्या टेकूवर तो अडतो तो टेकू खाल्ला जातो, त्यामुळे पाय उभ्या रेषेच्या जास्तच पुढे जातात आणि गाडी खाली बसते. पाय स्वतः घासतात, ही तिसरी जागा. पहिल्या दोन जागा तशाच ठेवून पट्टी मारली, तर उंची मिळते पण गाडी डुगडुगते, आणि अंगणातल्या उतारावर एखाद्या धक्क्याने स्टँडवरून पुढे सरकून पडते. आधी लेथवर बुश करून पिन घट्ट करावी. मग टेकूवर वेल्ड भरून, घासून, पाय उभ्या रेषेच्या जरासेच पुढे थांबतील असं जमवावं. त्यानंतरही कमी पडलं तर पायांना हात लावावा. हे सगळं मापाच्या टायरवरच जोखायचं. ३.५०च्या टायरवर स्टँड उंच करून घेतला आणि पुढे ३.२५ मिळाला, तर गाडी स्टँडवर चढवताना कंबर धरेल.

चाक आणि जमीन यांच्यात दोन बोटं सरकली की पुरे.

स्टँड वर ओढून धरणारी स्प्रिंग चढवणं हे या कामातलं सगळ्यात त्रासाचं. पक्कडीने ओढायला गेलं की ती सुटून बोटांवर बसते. जाणते मिस्त्री स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून वाकवतात आणि उघडलेल्या प्रत्येक वेढ्यात एकेक नाणं सरकवतात, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. लांब झालेली स्प्रिंग दोन्ही आकड्यांत आरामात अडकते. मग स्टँड पायाने खाली दाबला की वेढे उघडतात आणि नाणी खणखणत फरशीवर पडतात. स्प्रिंग सैल असेल तर ती बदलावीच. चालत्या गाडीचा स्टँड खाली लोंबला आणि वळणावर रस्त्याला अडकला, तर मागचं चाक उचललं जातं.

शेवटी एक्सल पुरता आवळायचा, ब्रेकचा रॉड जोडून पेडल दाबून बघायचं, आणि स्टँडच्या पिनची स्प्लिट पिन नवी घालायची, जुनीच सरळ करून नव्हे. थोडी गाडी चालवून झाली की आरे एकेक करून पान्ह्याने वाजवून बघावेत. ज्याचा आवाज बद्द येईल, तो ढिला झालेला असतो.