बागायतदारहो, भाव लिहा!

आंब्याच्या मोसमात देवगड-रत्नागिरीचे कित्येक बागायतदार पेटीची मनोहर छायाचित्रे टाकतात आणि खाली केवळ ‘दरासाठी मेसेज करा’ एवढेच लिहून, खरेदीच्या निश्चयाने आलेल्या गिऱ्हाइकाला उंबरठ्यावरच तिष्ठत ठेवतात, हे पाहून माझ्यासारख्या हापूसभक्ताचा जीव तिळतिळ तुटतो. वास्तविक २०२० च्या ई-वाणिज्य नियमांन्वये ऑनलाइन बाजारपेठांतील विक्रेत्यास सर्व आकारांसह एकूण किंमत तपशीलवार जाहीर करणे बंधनकारक आहे. मग स्वतःच्या पानावर हा संकोच का? पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचे, पुण्यास पोहोचविण्याचा खर्च किती, हे तेथेच नमूद करावे. यूपीआयच्या क्यूआरमध्ये तर रक्कमही आगाऊ भरून ठेवता येते. यंदा एवढे कराच.