हळदीनं केलेली चुगली: घरच्या साबणाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी पहिल्यांदा साबण केला तेव्हा त्यात चमचाभर हळद घातली होती. डोळ्यांसमोर पिवळीधमक वडी होती, पण ढवळता ढवळता मिश्रण चक्क विटकरी व्हायला लागलं. सगळं वाया गेलं असं वाटून मी हात आखडला. आई मागून डोकावली आणि म्हणाली, "हळदीला चुना लागला की कुंकू होतं. त्यात नवल काय?"

घरच्या साबणाबद्दल मला तोवर जे जे ऐकून ठाऊक होतं, त्यातलं निम्मं त्या दिवशी हळदीनं खोटं ठरवलं. उरलेलं पुढच्या घाण्यांनी ठरवलं.

गैरसमज: घरचा साबण 'केमिकल-फ्री' असतो.

वस्तुस्थिती: तेल आणि आम्लारी यांची गाठ पडल्याशिवाय साबण होतच नाही. घट्ट वडी हवी तर ही आम्लारी म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. खायचा सोडा किंवा धुण्याचा सोडा त्याच्या जागी चालत नाही. आडनाव एक असलं तरी स्वभाव वेगळे. ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा सीरियातला अलेप्पो साबण २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, तोही आम्लारीवरच शिजतो.

'आजीच्या काळातला साबण' हेही जपूनच म्हणावं. आपल्याकडच्या आज्या बहुतेक साबण करत नव्हत्या. अंगाला डाळीचं पीठ किंवा उटणं, केसांना रिठा आणि शिकेकाई, भांड्यांना चुलीतली राख, असा सगळा कारभार होता. रिठ्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो. तो मळ काढतो, पण रसायनशास्त्राच्या भाषेत साबण नव्हे.

गैरसमज: कॉस्टिक घातला म्हणजे तो वडीत राहणार आणि कातडी जाळणार.

वस्तुस्थिती: माप बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही. तेल आणि कॉस्टिक दोघंही संपतात आणि त्यांच्या जागी साबण आणि ग्लिसरीन येतं. याला साबणीकरण म्हणतात. सावधगिरी म्हणून साबणाला लागतं त्यापेक्षा तेल जरा जास्त, साधारण ५ टक्के, ठेवतात. ग्लिसरीन मोठ्या कारखान्यांत बहुधा वेगळं काढून घेतात. घरच्या वडीत ते तसंच राहतं.

भीती बाळगायची ती करताना. गॉगल, हातमोजे, उघडी खिडकी, आणि मुलं दुसऱ्या खोलीत. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. पाणी गॅसवर न ठेवताही ८० अंशांच्या वर तापू शकतं आणि उलट केलं तर उसळतं. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं भांडं घ्यावं आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. हातावर थेंब उडाला तर व्हिनेगर शोधत बसू नका. नळ सोडा आणि हात बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेला तर डोळा धूत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

गैरसमज: स्वयंपाकासारखा अंदाज आला की वाटीच्या मापानं जमतं.

वस्तुस्थिती: इथं सुगरणीचा हात कामाचा नाही, वजनकाटा कामाचा. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण ९१ ग्रॅम कॉस्टिक लागतो. ५ टक्के तेल जास्तीचं ठेवायचं तर ८७ ग्रॅम. तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला मात्र पूर्ण साबणासाठीही जेमतेम ६७ ग्रॅम पुरतो. 'घरात खोबरेल नाही, ऑलिव्ह घालू' म्हणून ८७ ग्रॅमच ठेवला, तर सुमारे २० ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळा राहील. असा साबण खरंच भाजतो. म्हणून तेल बदललं की हिशेब नव्यानं मांडायचा, आणि काटा ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

गैरसमज: लिंबू पिळलं की साबणाचा सामू त्वचेइतका होतो.

वस्तुस्थिती: खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो, निरोगी त्वचेचा साधारण ५. लिंबाचा रस मिश्रणात घातला की तो आधी कॉस्टिक खातो. १० ग्रॅम सायट्रिक आम्लामागे सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक जातो आणि तेवढं तेल साबण न होता मागे राहतं. साबण सौम्य होण्याऐवजी मऊ आणि तेलकट होतो. यातून तयार होणाऱ्या सोडियम सायट्रेटचा एक उपयोग मात्र आहे: बोअरच्या दुष्फेन पाण्यात बादलीला बसणारा पांढरा साका त्यानं कमी होतो. त्यासाठी लागणारा जादा कॉस्टिक आधीच हिशेबात धरावा लागतो.

पटत नसेल तर हळदीला विचारा. पांढऱ्या कागदावर ओली हळद फासा, वाळू द्या आणि त्यावर साबणाचं पाणी टाका. घरचा असो की दुकानातला, खरा साबण डाग लाल करतो. वरणाचा डाग पडलेला शर्ट साबण लागताच लाल का होतो, त्याचंही उत्तर हेच. एखाद्या वडीनं हळद पिवळीच राहिली, तर ती बहुधा साबणाची नसून कृत्रिम प्रक्षालकाची आहे. तिचा सामू खरोखर त्वचेजवळ नेता येतो.

गैरसमज: कॉस्टिक निघून जावा म्हणून वडी महिनाभर ठेवतात.

वस्तुस्थिती: थंड पद्धतीच्या साबणात साबणीकरण बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकतं. पुढचे चार ते सहा आठवडे पाणी उडण्यासाठी असतात. वडी हलकी आणि कडक होते, फेस सुधारतो, हातात झिजते कमी. माप चुकलेला साबण कितीही दिवस वाळवला तरी माप सुधारत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सहा आठवडेही अपुरे पडतात. साबणाचं काम दिवाळीनंतर काढावं, हा माझा अनुभव.

गैरसमज: फुलं, बीट, अत्तराचं तेल, जे नैसर्गिक ते चालतं.

वस्तुस्थिती: आम्लारीला निसर्गाचं कौतुक नसतं. बिटाचा गुलाबी रंग तपकिरी होतो. मी वडीवर हौसेनं लावलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आठवड्यात चहाच्या चोथ्यासारख्या दिसायला लागल्या. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या मात्र रंग टिकवतात. दालचिनी आणि लवंगेची तेलं नैसर्गिक आहेत, पण जास्त झाली की कातडी चुरचुरते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. वडीचा सामू चढा असल्यामुळे तीत जंतू सहसा वाढत नाहीत. ताज्या कोरफडीच्या गरात किंवा दह्यात कालवलेल्या लेपाला हे संरक्षण नाही. तो करायचा तेव्हा लावायचा. उटणं कोरडं ठेवण्यामागचं शहाणपणही हेच.

गैरसमज: बेस वितळवून साच्यात ओतणं म्हणजे साबण बनवणं.

वस्तुस्थिती: तो तयार साबण असतो, आपण त्याला रंग, वास आणि आकार देतो. मुलांबरोबर करायला हाच प्रकार बरा. त्याला कमी लेखायचं कारण नाही, पण 'सगळं माझ्या हातचं' असंही म्हणू नये, कारण आत काय आहे ते बेस करणाऱ्यानं ठरवलेलं असतं. ग्लिसरीनमुळे या वड्यांना दमट हवेत घाम फुटतो. थंड होताच त्या गुंडाळून ठेवाव्यात.

गैरसमज: दहा वड्या जास्त झाल्या, विकायला काय हरकत?

वस्तुस्थिती: स्वतःपुरता साबण करायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू होतात. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. 'कडुलिंब घातलाय, खरूज जाईल' असं सांगितलंत, तर तुम्ही साबणाला औषध म्हणताय. अंगावर दोन मिनिटं राहून धुतल्या जाणाऱ्या वडीवर एवढा भार टाकू नये.

माझ्या त्या विटकरी वड्या मी जाळीवर, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. वाळता वाळता त्यांचा लालपणा उतरत गेला. सहा आठवड्यांनी खाली काढल्या तेव्हा त्या जुन्या पिवळ्या साडीच्या रंगाच्या झाल्या होत्या. आईनं एक हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "घे, कुंकवाची पुन्हा हळद झाली." आणि वडी घेऊन न्हाणीघरात गेली.