उघड्यावरचे ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियम हा अतिशय क्रियाशील धातू आहे. ऑक्सिजनशी संयोग पावण्याची त्याची ओढ लोखंडापेक्षाही जास्त. तरी भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांच्या तारा वर्षानुवर्षे बिनरंगाच्या ऊनपाऊस झेलतात. त्यांचे रक्षण ही ओढच करते.

ताजा पृष्ठभाग हवेला लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी अवघी २ ते ४ नॅनोमीटर. लोखंडाचा गंज फुगतो, सच्छिद्र असतो, पोपडे होऊन सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मूळ धातूच्या जेमतेम सव्वापट जागा घेतो, म्हणून घट्ट चिकटून राहतो. ओरखडा पडला तरी तो तिथे पुन्हा तयार होतो. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला ॲल्युमिनियमचा पुतळा १८९३ सालचा आहे, आणि त्या काळातल्या लंडनच्या धुरातूनही तो टिकला.

साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सौर पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटींवर हाच थर विजेच्या साहाय्याने मुद्दाम काही हजार पट जाड केलेला असतो. या प्रक्रियेला ॲनोडायझिंग म्हणतात.

या पापुद्र्याचे शत्रू मात्र ठरलेले आहेत. पहिला मीठ. क्लोराइडमुळे थर जागोजागी फुटून बारीक खड्डे पडतात. किनाऱ्यावर हा त्रास मोठा. जळगाव-धुळे समुद्रापासून दूर आणि वर्षाचा बराच काळ कोरडे, म्हणून इथे तो कमी. शिवाय खड्डे खोल जाण्याचा वेग सहसा काळाबरोबर मंदावतो. दुसरा शत्रू तीव्र आम्ल किंवा अल्कली. ओल्या सिमेंटचा गिलावा खिडकीच्या सेक्शनवर राहिला, तर कायमचा डाग पडतो.

खानदेशात सर्वांत जास्त जपायचे ते तांब्यापासून. मोरचुदाचे द्रावण ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवले तर तांबे भांड्यावर बसते आणि धातू कुरतडला जातो. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला नुसती पिळून जोडली, तर पावसाच्या ओलाव्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते, सांध्याचा रोध वाढतो, सांधा तापतो आणि शेवटी जळतो. शेतपंपाच्या जोडणीत म्हणूनच एका बाजूला तांबे आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला बायमेटॅलिक लग वापरणे आवश्यक आहे.