नाकाची फिर्याद

मनुष्यास डोळे मिटतां येतात, कानांत बोटें घालतां येतात. परंतु श्वास बंद ठेवून कोणासही जगतां येत नाहीं. म्हणूनच शहराची ओळख नकाशापेक्षां नाकास अगोदर पटते. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना चालू होता तोंपर्यंत लोकलच्या गर्दींत अडकलेल्या उतारूसही पार्लें आलें हें वासावरून समजत असे. २०१६ सालीं कारखाना बंद पडला आणि ती खूण गेली. वेसाव्यास वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घ्या, किंवा पहिल्या पावसाबरोबर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडून येणारा मातीचा वास घ्या. हे वास त्या त्या स्थळाचे धर्मच होत. सुकटीच्या वासानें कोणी नाक मुरडीत असेल तर खुशाल मुरडो; तो कोळी बांधवांच्या श्रमाचा वास आहे व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं.

आमची तक्रार आहे ती श्रमाच्या वासाविषयीं नसून हयगयीच्या दुर्गंधीविषयीं. कांजूर, विक्रोळी, मुलुंड, घाटकोपर येथें वारा फिरला कीं दारें-खिडक्या लावून घेण्याची पाळी गृहस्थांवर येते. इतिहास पाहावा. देवनारचें कचऱ्याचें आगर १९२७ सालचें. अंधेरी, घाटकोपर वगैरे गांवें १९५० सालीं, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं. त्यानंतर दहाच वर्षांत, १९६७ सालीं, मुलुंडच्या पदरांत पडला तो उकिरडा! तो २०१८ सालीं बंद झाला; परंतु मुंबईच्या कचऱ्याचा बहुतेक भाग कांजूरमार्गास जाऊं लागला व तेथील वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. वैभव शहराचें आणि उकिरडा उपनगराचा, ही वांटणी कोणत्या न्यायाची?

कोणी म्हणतील, वास हा क्षुल्लक विषय आहे. कायदा तसें म्हणत नाहीं. मुंबई महापालिकेच्या १८८८ सालच्या कायद्यानें उपद्रवाची व्याख्या करितांना घ्राणेंद्रियास होणारा त्रास स्पष्टपणें त्यांत घातला आहे. १९८० सालीं रतलाम नगरपालिकेच्या खटल्यांत, जेथें रहिवाशांची फिर्याद उघड्या गटारांची व घाणीचीच होती, तेथें सर्वोच्च न्यायालयानें पैसा नाहीं ही नगरपालिकेची सबब ऐकून घेतली नाहीं. जी सबब रतलामसारख्या लहान गांवास लाभली नाहीं, ती मुंबईसारख्या धनाढ्य नगरीस कशी लाभावी?

दुसरा आक्षेप असा कीं, कचरा कोठें तरी टाकलाच पाहिजे. खरें, पण दुर्गंधी सुटते ती कां, हें पाहिलें पाहिजे. अन्न व भाजीपाला इतर केरांत मिसळून ढिगाखालीं दडपला गेला कीं त्यास हवा मिळत नाहीं. तो कुजूं लागतो, सडक्या अंड्यांसारखी घाण सुटते व मिथेन नांवाचा जळाऊ वायु निर्माण होतो. जानेवारी १९१६ नव्हे, जानेवारी २०१६ मध्यें, म्हणजे अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, देवनारास आग लागून धुरानें उपनगरें झांकोळलीं, तें कोणी विसरलें नसेल. उलट बोरिवलीजवळच्या गोराईस २००७ सालीं कचरा टाकणें थांबवून ढीग शास्त्रीय रीतीनें झांकण्यांत आला. मनांत आणल्यास होतें, याचा हा पुरावा.

परंतु फिर्यादीनें आपलेही हात स्वच्छ ठेवावेत. ओला कचरा वेगळा ठेवण्याचें बंधन २०१६ सालच्या नियमांनींच घातलें. तरीही आमचे किती भाजीवाले, खाणावळवाले व गृहस्थ दोन डबे ठेवितात? महापालिकेनें प्रत्येक प्रभागांत ओल्या कचऱ्याचें खत करावें व दुर्गंधीचें मोजमाप लोकांपुढें मांडावें. नागरिकांनीं तो कचरा निराळा द्यावा. दोघांनीं आपापलें कर्तव्य केलें, तरच मुलुंडच्या मुलांस रात्रीं खिडकी उघडी ठेवून झोपतां येईल.