रणांगण जिंकलेला सेनापती मतपेटीपाशी का अडतो?

गेल्या एक जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही सहकुटुंब पाबळला परत येत होतो. शिक्रापूर सोडल्यावर जीपमध्ये जरा पाय पसरायला जागा झाली, तेव्हा आमच्या धाकट्या मुलीने विचारले, "पप्पा, ते शिपाई एवढे शूर होते, तर जिंकल्यावर त्यांनी राज्य का नाही घेतलं?" शेजारी आमच्याच आळीतले निवृत्त हवालदार तात्या बसले होते. ते म्हणाले, "बाळ, शिपायाला राज्य नसतं, पेन्शन असतं." सगळे हसले. थोड्या वेळाने तात्याच गंभीर झाले. "पण खरं सांगू का भाऊसाहेब, हा देश एकदा पाच वर्षं मिलिटरीच्या हातात दिला पाहिजे. म्हणजे सरळ होईल."

वाचकहो, असे बोलणारे तात्या एकटे नाहीत. एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कचेरीतल्या चहाच्या वेळीही हे वाक्य आम्ही ऐकतो. म्हणून मुलीचा प्रश्न आणि तात्यांचा तोडगा दोन्ही आमच्या डोक्यात घोळत राहिले. लढाई जिंकलेले काही सेनापती राजकारणात येतात, काही येत नाहीत, आणि आले तरी सगळेच टिकत नाहीत. असे का व्हावे?

मुलीचे उत्तर सोपे आहे आणि कडूही आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली दिवसभर झुंजलेल्या पलटणीतील महार शिपाई कितीही शूर असला तरी सेनापती होऊच शकत नव्हता. स्तंभावरील ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची आहेत, पण हुकूम देणारे सगळे गोरे होते. हिंदी माणसाची मजल सुभेदार-मेजरपर्यंत, आणि त्याच्यावर कालचा मिसरूड फुटलेला गोरा पोऱ्याही साहेब. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली, तेव्हा शिपाईपणाचे दारही मिटले. तरीसुद्धा आपल्या समाजाचे राजकारण सुरू केले ते लष्करातून आलेल्या माणसांनीच. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसायला नको म्हणून सवर्ण सभासदांनी गोंधळ घातला. वलंगकर काही जनरल नव्हते. परंतु पलटणीत ते लिहायला-वाचायला शिकले होते आणि ताठ उभे राहायलाही शिकले होते. तेवढ्या भांडवलावर ते बोर्डात बसले.

आता खऱ्या सेनापतींकडे येऊ. आमच्या पाबळला मस्तानीची कबर आहे. पाहुणे आले की आम्ही ती दाखवायला नेतो, आणि पाहुणे थोरल्या बाजीरावाचे नाव काढतात. त्या काळी सेनापती आणि राजकारणी असे दोन वेगळे धंदे नव्हतेच. जो फौज चालवी तोच मुलूख घेई, आणि जो मुलूख घेई तोच तह करी. त्यातही फरक होता. महादजी शिंदे पानिपतावर १७६१ मध्ये जखमी होऊन लंगडे झाले, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये तेच उभे होते, आणि १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. त्याच काळात हरिपंत फडके यांनी हैदर आणि टिपू यांच्याविरुद्ध मोठ्या मोहिमा चालवल्या. ते नाना फडणवीसांच्या बाजूने लढत राहिले, त्यांनी स्वतःची वेगळी सत्ता उभारली नाही. हरिपंत कमी शूर होते काय? मुळीच नाही. महादजींचा वसूल स्वतःचा होता आणि द ब्वाइनने कवायत शिकवलेल्या पलटणींना पगारही तेच देत. हरिपंतांच्या फौजेचा खर्च पुण्याहून चाले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून असल्यामुळे आमची नजर आधी खर्चाच्या रकान्यावर जाते, हे खरे. पण इथे ती चुकली असे वाटत नाही.

दुसरे उदाहरण परक्याचे, पण आपल्याच मातीतले. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये जालना भागात असईला मराठी फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान. लोक म्हणतात, नेपोलियनला हरवले म्हणून. ते कारण आहेच. परंतु हिंदुस्थानात येण्याच्याही आधी, १७९० मध्येच तो आयर्लंडच्या पार्लमेंटात सभासद होता आणि असईच्या वेळी त्याचा सख्खा भाऊ कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता. राजकारणाचे दार त्याच्यासाठी घरातूनच उघडे होते. आत गेल्यावर मात्र त्याचा सेनापतीचा स्वभाव आड आला. मताचा हक्क वाढवण्यास त्याने साफ नकार दिला आणि १८३० मध्ये त्याचे मंत्रिमंडळ गेले.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. जनरल करिअप्पा म्हणजे स्वतंत्र भारताच्या लष्कराचे पहिले हिंदी सरसेनापती. १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी सूत्रे घेतली, म्हणून तो दिवस आजही सेनादिन आहे. निवृत्तीनंतर ते ऑस्ट्रेलियात आपले हायकमिशनर होते. हा कोडगूचा माणूस १९७१ ला मुंबईच्या वायव्य मतदारसंघातून लोकसभेला उभा राहिला आणि पडला. निवडून आले काँग्रेसचे ह. रा. गोखले, जे नंतर कायदेमंत्री झाले. एका बाजूला सरसेनापती, दुसऱ्या बाजूला वकील, आणि मतदाराने वकिलाला निवडले! ती लाट इंदिराबाईंची होती, 'गरिबी हटाव'ची होती. गिरगाव काय, अंधेरी काय, चाळीतला माणूस सेनापतीला वाट देईल, उठून उभा राहील. पण नळाला पाणी कोण आणील हा हिशेब तो वेगळा ठेवतो. त्यात आम्हाला करिअप्पांचा अपमान दिसत नाही.

याउलट मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी पाहा. १९९१ मध्ये ते गढवालमधून खासदार झाले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात रस्त्यांचे खाते सांभाळले आणि २००७ मध्ये उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. त्यांचा मतदारसंघ म्हणजे घरटी फौजी असलेला डोंगरी मुलूख, पाठीशी भाजप, आणि हेमवतीनंदन बहुगुणा त्यांचे मामा. जनरल व्ही. के. सिंग यांची गोष्ट निराळी. पुण्यात जन्मलेले हे सरसेनापती जन्मतारखेच्या नोंदीवरून २०१२ मध्ये सरकारविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. (सर्व्हिस बुकातल्या एका तारखेने काय रामायण घडते, ते आम्हा कारकुनांना विचारा.) निवृत्तीनंतर ते अण्णा हजारेंच्या आंदोलनात दिसले आणि २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर गाझियाबादहून निवडून आले. अण्णा स्वतः लष्करात ट्रक चालवत. आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या या माणसाने निवडणूक कधी लढवली नाही. जनरल मात्र लढले.

जनरल अरोरांचे कारण आम्हाला अधिक जवळचे वाटते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात ज्यांच्यापुढे पाकिस्तानी फौजेने शरणागती लिहून दिली, ते हेच. त्यानंतर त्यांना राजकारणाची ओढ दिसली नाही. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली आणि १९८६ मध्ये ते अकाली दलातर्फे राज्यसभेत गेले. आपल्या माणसांच्या घरांना आग लागल्यावर कोण स्वस्थ बसेल? त्याच युद्धातले सरसेनापती माणेकशॉ यांना तर देशाने डोक्यावर घेतले होते. ते फील्ड मार्शल झाले आणि कुन्नूरला जाऊन राहिले. २००८ मध्ये वारले, तोवर ना तिकीट, ना पक्ष. आमच्या अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य यांच्याविषयी काही म्हणताच येत नाही. जानेवारी १९८६ ला निवृत्त झाले आणि १० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली.

आणि महार रेजिमेंट? बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला तिची पहिली पलटण उभी राहिली. पूर्वी तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. या रेजिमेंटने देशाला दोन सरसेनापती दिले. जनरल कृष्णराव ईशान्येकडील राज्यांचे आणि पुढे काश्मीरचे राज्यपाल झाले. १९९६ ची तिथली विधानसभा निवडणूक त्यांच्याच कारकिर्दीत झाली. जनरल सुंदरजी १९८८ ला निवृत्त झाले आणि लिहीत-बोलत राहिले. एकच बिल्ला, दोन वाटा. पण मते मागायला दोघेही गेले नाहीत.

हे सगळे आम्ही तात्यांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. तात्या म्हणाले, "मग पाकिस्तानात कसं जमलं?" जमले म्हणजे काय ते पाहा, असे आम्ही म्हणालो. दोन्ही फौजा एकाच इंग्रजी फौजेच्या पोटातल्या, शिस्त तीच, मेसमधले काटेचमचेही तेच. परंतु आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली आणि ५३ व्या कलमाने सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सत्तेकडे गेले. १९५० च्या आर्मी अॅक्टने वर्दीतल्या माणसाला पक्षापासून दूर ठेवले. पाकिस्तानला घटना मिळाली ती १९५६ मध्ये, आणि १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये इस्कंदर मिर्झांनी ती गुंडाळून ठेवली आणि त्याच महिन्यात सत्ता अयुबखानांच्या हाती गेली. आमच्याकडचा जनरल निवृत्त झाल्यावर तिकीट मागतो. तिकडच्या जनरलला मागावे लागले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल बजावले होते, की ती वाट शेवटी हुकूमशाहीकडे जाते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वर्दीच होती असे नाही, पण वर्दी त्यातून वगळलेलीही नव्हती.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला सलाम ठोकायची सवय, भाऊसाहेब. दारोदार हात जोडायची नाही." आम्ही म्हणालो, "करिअप्पांनाही नसावी."

परवा रात्री ते आमच्याकडे आले ते हातात कागदांची पिशवी घेऊन. येत्या ग्रामपंचायतीला राखीव वॉर्डातून उभे राहायचे म्हणतात. अर्ज आम्हीच भरून दिला. मुलीने त्यांना विचारले, "तात्या, आता पेन्शन की राज्य?" ते म्हणाले, "आधी गटार." जातवैधता प्रमाणपत्राची प्रत तेवढी जोडायची राहिली आहे.