सातबारा तारेची लांबी सांगत नाही

‘शेत चोवीस आर आहे, कुंपणाला तार किती लागेल?’ दुकानात हा प्रश्न असाच विचारला जातो, आणि दुकानदारही काहीतरी अंदाज सांगून मोकळा होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, परिमिती नसते. आणि क्षेत्रावरून परिमिती निघत नाही. ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद शेत २४ आरांचं. त्याचा घेर २०० मीटर. भाऊवाटणीत वाट्याला आलेली १० मीटर रुंद, २४० मीटर लांब पट्टीसुद्धा २४ आरांचीच. तिचा घेर ५०० मीटर!

घेर हवा असेल तर कोपरे माहीत हवेत. म्हणजे दहावीतली निर्देशक भूमिती. आलेखाच्या कागदावर एका घराची बाजू १० मीटर धरा. मग एक घर म्हणजे बरोबर एक आर. हद्दीचे तीन दगड घेऊ: अ (०, ०), ब (८, ०), क (०, ६). हेही शेत २४ आरांचंच. अब ८ एकक, अक ६ एकक, हे बोटाने मोजून कळतं. घोटाळा होतो तो बक या तिरक्या बांधापाशी.

वह्यांत त्याची तीन चुकीची उत्तरं हमखास सापडतात. कुणी उभे स्तंभ मोजतं आणि ८ लिहितं. कुणी रेषेने कापलेली घरं एकेक करून मोजतं; ती भरतात १२. या मुलांची मेहनत खरी असते, फक्त घर मोजणं म्हणजे लांबी मोजणं नव्हे. एकाच घरातून रेषा कोपऱ्यातून कोपऱ्यात गेली तर तिथे तिची लांबी सुमारे १.४१ एकक, आणि नुसता कोपरा चाटून गेली तर जवळजवळ शून्य. दोन्हींची गणती ‘एक घर’ अशीच होते. तिसरं उत्तर १४: आठ आडवे, सहा उभे, झाली बेरीज.

या तिसऱ्या उत्तरामागचा गैरसमज चिवट आहे. मुलं वाद घालतात, ‘सर, पायऱ्या एकदम बारीक केल्या तर त्या तिरक्या रेषेलाच चिकटतील ना?’ दिसायला चिकटतात. पण पायरी एका एककाची असो की केसाएवढी, सगळे आडवे तुकडे मिळून ८ आणि सगळे उभे मिळून ६ च होतात. बेरीज १४ वरून तसूभर हलत नाही. खरी लांबी पायथागोरसकडून घ्यावी लागते: क्ष-निर्देशकांतल्या फरकाचा वर्ग ६४, य-निर्देशकांतल्या फरकाचा वर्ग ३६, बेरीज १००, वर्गमूळ १०. म्हणून परिमिती ८ + ६ + १० = २४ एकक, म्हणजे २४० मीटर. इथे एक चोरवाट नेहमी दिसते: √(६४ + ३६) चं ८ + ६ करून टाकायचं. सूत्र सगळं लिहायचं आणि शेवटी पुन्हा पायऱ्यांवरच येऊन बसायचं!

आता शेजाऱ्याची जमीन आत घुसली आणि चौथा दगड आला: प (३, २). ‘चार बिंदू दिलेत, म्हणजे परिमिती ठरली’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण प हा त्रिकोणाच्या आत आहे. त्यामुळे याच चार दगडांतून तीन वेगवेगळे चौकोन निघतात, तेही बाजू एकमेकींना न छेदता. पअ = √१३, पब = √२९, पक = ५. बक हा बांध मोडून तार प वरून वळवली तर घेर २४३.९ मीटर आणि क्षेत्र १७ आर. अब मोडला तर २४९.९ मीटर, १६ आर. अक मोडला तर २६६.१ मीटर आणि क्षेत्र उरतं १५ आर. जमीन घटत गेली, तार वाढत गेली. तारेचे तीन पदर लावायचे तर मूळ २४ आरांच्या त्रिकोणाला ७२० मीटर पुरते, या १५ आरांना जवळजवळ ८०० मीटर. म्हणून शिरोबिंदू कोणत्या क्रमाने जोडायचे ते आधी पाहावं, आकडेमोड मागाहून.

बेरजेतही एक खड्डा आहे. √१३ + √२९ म्हणजे √४२ नव्हे. √४२ साडेसहाच्याही आत राहतं, खरी बेरीज ८.९९ आहे. प्रत्येक बाजूचं वर्गमूळ वेगळं काढायचं, बेरीज त्यानंतर.

उणे चिन्हांची भीती मात्र विनाकारण आहे. आरंभबिंदू उचलून प वर ठेवा. अ होतो (–३, –२), ब (५, –२), क (–३, ४). शेत तसूभरही हललेलं नाही, परिमितीही तीच. फक्त अब काढताना ५ – (–३) = ८ लिहायचं; घाईत ५ – ३ = २ लिहिलं की साठ मीटरचा बांध गायब.

हल्ली बांधावर उभं राहून फोनमधून प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश घेतात आणि तेच आकडे थेट सूत्रात घालतात. उत्तर अंशांत येतं, आणि तार काही अंशांवर मिळत नाही. बरं, अंशाला सरसकट १११ किलोमीटरने गुणूनही भागत नाही. उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा खरा, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात. मुंबईच्या आसपास, १९ अक्षांशावर, पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. म्हणून दोन्ही फरकांचे आधी वेगवेगळे मीटर करायचे, वर्ग त्यानंतर. आणि फोन आधी अक्षांश दाखवतो, म्हणजे य पहिला, क्ष नंतर. ही अदलाबदल झाली की १०५ ने गुणायचं तिथे १११ ने गुणलं जातं, आणि उत्तर इतकं जवळचं येतं की चूक सापडतच नाही.